पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवायचंय? महाराष्ट्रात त्यासाठी लागणारी पात्रता, परीक्षा आणि तयारी

महाराष्ट्रात ‘वाचनशिक्षक’ नावाचं पदच नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत वाचन शिकवणाऱ्या तज्ज्ञ शिक्षकाला वेगळा परवाना मिळतो. आपल्याकडे मुलाला वाचतं करण्याचं काम पहिली-दुसरीच्या वर्गशिक्षकाकडेच असतं, आणि तोच गणित, परिसर अभ्यास नि शालेय पोषण आहाराची नोंदवहीही सांभाळतो. त्यामुळे ‘वाचन शिकवण्याचा परवाना कुठे मिळतो?’ या प्रश्नाचं उत्तर असं: पहिली ते पाचवीच्या शिक्षकाची पात्रता मिळवायची आणि वाचन शिकवण्याचं कसब त्याच वाटेवर स्वतः जमवत जायचं. कागद कोणत्या क्रमाने जमवायचे हे ठरलेलं आहे. कसबाचा क्रम मात्र कुठे लिहिलेला नाही, म्हणून खाली दोन्ही एकत्र दिलं आहे.

पहिली पायरी: दोन वर्षांची पदविका

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ नुसार शिक्षकाची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई ठरवते. परिषदेची २३ ऑगस्ट २०१० ची अधिसूचना हा आजही पाया आहे. पहिली ते पाचवीसाठी सरळ वाट अशी: बारावी, त्यानंतर प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका (डी.एल.एड., जुनी ओळख डी.एड.) आणि शिक्षक पात्रता परीक्षा.

बारावीला एनसीटीई ५० टक्के गुण मागते. राज्यातल्या डी.एल.एड. प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला ४९.५ आणि मागास प्रवर्गाला ४४.५ टक्के धरले जातात. वेगळी प्रवेश परीक्षा नसते. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (एससीईआरटी) बारावीच्या निकालानंतर ऑनलाइन अर्ज मागवते आणि गुणवत्ता यादी लावते. फी आणि शिकवणी या दोन्हींचा विचार केला तर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डाएट’, पहिल्या पसंतीला लिहावी. खासगी अध्यापक विद्यालय निवडत असाल तर त्याची एनसीटीई मान्यता या वर्षी चालू आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. बरीच विद्यालयं बंद पडली आहेत आणि काहींची मान्यता काढून घेतली गेली आहे. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ असं कोणी सांगितलं तर ती नाही असंच समजा.

बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक अभ्यासक्रम (आयटीईपी) हा दुसरा पर्याय आहे. त्याचा प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतून होतो. त्यात पायाभूत स्तर, म्हणजे दुसरीपर्यंत, आणि पूर्वतयारी स्तर, म्हणजे तिसरी ते पाचवी, अशी निवड असते. नव्या शैक्षणिक धोरणाचा कल तिकडे आहे. पण आज पहिली-दुसरीच्या वर्गात लवकर पोचायचं असेल तर पदविकाच जवळची.

बी.एड. केलं असेल तर

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. एनसीटीईने २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं होतं, अट एवढीच की नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करायचा. ही अधिसूचना राजस्थान उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की बी.एड. मोठ्या मुलांना शिकवण्यासाठी आहे. लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र त्यात नाही, आणि दर्जेदार प्राथमिक शिक्षण हा मुलाचा हक्क आहे.

म्हणून आज नुसत्या बी.एड.वर पहिली ते पाचवीची नवी नेमणूक मिळत नाही. त्या तारखेआधी नेमणूक झालेल्या शिक्षकांना न्यायालयाने पुढे संरक्षण दिलं आणि त्यांच्यासाठी सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम आला. तो नव्या उमेदवारांसाठी नाही. ‘सेतू कोर्स करा, प्राथमिकला लागा’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

पदविकेच्या दोन वर्षांत वाचन शिकवायला कुठे शिकाल

पदविकेतला सर्वांत मोलाचा भाग शालेय आंतरवासिता. एनसीटीईच्या २०१४ च्या निकषांत दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत घालवायचे आहेत. त्यांतले चार आठवडे साधारण पहिल्या वर्षात आणि सोळा दुसऱ्या वर्षात येतात. आंतरवासितेला ९० टक्के हजेरी लागते. बहुतेक छात्राध्यापक हे आठवडे पाठ टाचण, तक्ते आणि रंगीत कागद यांत घालवतात. त्यातून गुण मिळतात, पण वाचन शिकवायला येत नाही. हे करा: मुख्याध्यापकांना विचारून पहिली किंवा दुसरीचा वर्ग मागून घ्या आणि तीच पाच मुलं सोळा आठवडे सोडू नका. दर आठवड्याला प्रत्येकाचं दोन मिनिटं वाचन ऐका आणि कुठे अडलं ते वहीत लिहा. फळ्यावरच्या शंभर पाठांपेक्षा ही वही जास्त शिकवेल.

वहीत काय दिसेल, ते आधीच सांगून ठेवतो.

*मूळाक्षरं येतात, शब्द येत नाहीत.* बहुतेक शाळांत आधी सगळी मूळाक्षरं, मग काना, मग वेलांट्या आणि बाराखडी असा क्रम असतो. चौतीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बारा रूपं म्हणजे चारशेच्या घरातल्या आकृत्या. त्या संपेपर्यंत मुलाच्या हाती एकही खरं वाक्य लागत नाही, आणि तोवर त्याचा वाचनातला रस आटतो. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये झालेल्या साक्षरता संशोधनानेही याच क्रमावर बोट ठेवलं. उपाय आहे अक्षरगट. पाच-सहा अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं एकत्र घ्यायची आणि त्यांतून लगेच शब्द आणि वाक्यं करायची. क, म, ल, न, र आणि काना एवढ्यातून काका, मामा, कान, नाक, काम, मान, लाल, मका, रान, कमान, नरम हे शब्द निघतात, आणि ‘काका, काम करा’ हे वाक्य दुसऱ्या आठवड्यात मूल स्वतः वाचतं. गट निवडताना आकाराने सारखी अक्षरं (घ आणि ध, भ आणि म, प आणि ष) एका गटात घालू नका. जवळच्या उच्चारांची (द आणि ध, श आणि स) जोडीही एकदम नको.

*सुटी सुटी अक्षरं म्हणतो, जोडत नाही.* ‘क… म… ल’ असं म्हणून मूल थांबतं. अक्षरओळख पक्की करून हे सुटत नाही, ध्वनी जोडण्याचा खेळ खेळावा लागतो. पुस्तक मिटून, तोंडी: ‘का-न, काय झालं?’ ‘नाकातलं ना काढलं, काय उरलं?’ रोज पाच मिनिटं पुरे.

*वेलांटी चुकते.* ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी लिहिली जाते, पण उच्चार नंतर येतो. त्यामुळे मूल ‘किती’मधल्या पहिल्या रेषेशी अडखळतं. अशा वेळी ‘नीट बघ’ म्हणून काही होत नाही. चिन्ह आणि अक्षर यांची एकच पत्ती करून दाखवा.

*मराठीच्या खोड्या.* ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगून राहा, दोन्हींतला ज वेगळा, लिपी मात्र एकच. र तर चार वेषांत येतो: सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक वाचता आला नाही तर अर्थच पालटतो. ही जोडाक्षरं एका आठवड्यात उरकायची नसतात. गोष्टींतून भेटतील तशी घ्यावी लागतात.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या लक्षातच येत नाही: घरची भाषा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारला पावरी आणि भिली, पालघरला वारली, खानदेशात अहिराणी. ही मुलं शाळेत येतात तेव्हा पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी परकी असते. अक्षर वाचलं तरी ‘डबकं’ म्हणजे काय ते कळत नाही, मग शिक्षक म्हणतो ‘वाचतो पण समजत नाही’. तिथे पहिले दोन-तीन महिने तोंडी भाषेलाच द्यावे लागतात: चित्रावर गप्पा, घरच्या भाषेत सांगितलेली गोष्ट, मग तेच शब्द मराठीत. डाएटच्या अभ्यासक्रमात हे दोन-चार पानांत आटोपतं. खोलात जायचं असेल तर फलटणची प्रगत शिक्षण संस्था आणि वाडा तालुक्यातल्या सोनाळे गावची क्वेस्ट या संस्थांनी मराठी वाचन-लेखनावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचं साहित्य शोधून वाचा.

दुसरी पायरी: टीईटी

आधी नावांचा गोंधळ मिटवू. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. पहिलीने पात्रता मिळते, दुसरीने नोकरीच्या यादीत क्रमांक लागतो. प्राथमिकसाठी दोन्ही लागतात.

राज्यात १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने टीईटी अनिवार्य झाली, आणि पहिली परीक्षा त्याच वर्षी डिसेंबरात झाली. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली ते पाचवीसाठी पेपर १, सहावी ते आठवीसाठी पेपर २. फक्त पेपर २ उत्तीर्ण असाल तर पहिलीच्या वर्गासाठी त्याचा उपयोग नाही, हे अर्ज भरतानाच पाहा.

पेपर १ चे १५० प्रश्न, १५० गुण, १५० मिनिटं. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, भाषा १, भाषा २, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडू नका. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. मागास प्रवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना ५५ टक्के. मराठी माध्यमासाठी भाषा १ मराठी आणि भाषा २ इंग्रजी निवडा. इथे चुकीचा पर्याय टिचकला गेला तर परीक्षेच्या दिवशी दुरुस्त होत नाही.

निकाल बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांतच अडकतो, पण त्याने घाबरू नका. परिषदेच्या जुन्या प्रश्नपत्रिका पाहिल्या तर दिसतं की गुण गणित आणि परिसर अभ्यासात जातात. त्यासाठी पहिली ते पाचवीची बालभारतीची पुस्तकं पुरेशी नाहीत, सहावी ते आठवीपर्यंतची वाचावी लागतात. मराठीत व्याकरण, शब्दसंपत्ती आणि उतारा यांवर भर असतो. वेळ मिनिटाला एक प्रश्न. उताऱ्यावर सात मिनिटं जास्त गेली तर गणितातले तेवढे प्रश्न राहून जातात.

केंद्राची सीटीईटीही चालते. ती सीबीएसई घेते. तिच्या भाषेच्या ३० प्रश्नांत १५ आकलनाचे आणि १५ भाषा अध्यापनाचे असतात, म्हणजे वाचन कसं शिकवायचं यावर थेट प्रश्न. शिकण्यासाठी म्हणून ती परीक्षा जास्त उपयोगी. अभ्यास एकदा झाला की दोन्ही देऊन ठेवायला हरकत नाही.

२०२१ पासून टीईटी प्रमाणपत्राला मुदत नाही, ते आयुष्यभर चालतं. ‘पैसे द्या, पास करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. २०१९-२० च्या परीक्षेतला गैरप्रकार उघड झाल्यावर परीक्षा परिषदेने साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द केले. त्यांत नोकरीला लागलेलेही होते.

सीमेपलीकडच्या, म्हणजे बेळगाव-कारवारच्या मराठी शाळांसाठी कर्नाटकची स्वतंत्र टीईटी असते. पुण्याचं प्रमाणपत्र घेऊन तिथे जाऊ नका.

तिसरी पायरी: टेट आणि पवित्र पोर्टल

टेट ऑनलाइन असते: २०० प्रश्न, १२० मिनिटं. त्यांतले १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. एका प्रश्नाला ३६ सेकंद. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असं काही नसतं, मिळालेल्या गुणांवर क्रम लागतो. चुकीला गुण कापत नाहीत. ती दरवर्षी होत नाही: २०१७, मग २०२३ च्या सुरुवातीला, मग २०२५ च्या मे-जूनमध्ये. गुण त्या भरतीच्या फेरीपुरते धरले जातात. म्हणून टेटची घोषणा होईल तेव्हा टीईटी हातात असली पाहिजे. ‘आधी टेटची तारीख येऊ दे, मग टीईटीचं बघू’ हा हिशेब बहुतेकांना दोन-तीन वर्षांना पडतो.

त्यानंतर पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावर, स्वप्रमाणपत्र भरायचं, जाहिराती आल्या की प्राधान्यक्रम लावायचा. जिल्हा परिषदा, महापालिका आणि नगरपालिकांची भरती मुलाखतीशिवाय होते. खासगी अनुदानित संस्थांना मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय असे दोन्ही पर्याय आहेत. स्वप्रमाणपत्रातली माहिती हीच तुमची ओळख असते. तपासणीत कागद वेगळं बोलले तर निवड रद्द होते. चुका ठरलेल्या आहेत: लग्नानंतरचं नाव प्रमाणपत्रावर वेगळं आणि नावबदलाचं राजपत्र नाही, नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत गेलेली, जात वैधता प्रमाणपत्राचा फक्त अर्ज केलेला, दहावी-बारावीचं माध्यम चुकीचं भरलेलं, समांतर आरक्षणाचा दाखला जुना. टेटच्या निकालाची वाट पाहत बसण्यापेक्षा हे कागद तेव्हाच करून ठेवा. जात वैधतेला महिनोन्‌महिने जातात.

प्राधान्यक्रम लावताना नुसतं गाव बघू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असतात. डोंगराळ किंवा आदिवासी भागात म्हणजे पहिली-दुसरी एकत्र, किंवा पहिली ते चौथी दोघांत वाटलेली. बहुवर्ग अध्यापनाची तयारी नसेल तर पहिलं वर्ष जड जातं. पण वाचन शिकवायची आवड असेल तर वीस मुलांची शाळा हीच उत्तम जागा.

रुजू झाल्यावर

पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून, मानधनावर. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिक शिक्षण सेवकाला दरमहा १६,००० रुपये मिळतात, त्याआधी ६,००० होते. नियमित वेतनश्रेणी तीन वर्षांनंतर. घरापासून लांब नेमणूक असेल तर खोलीभाडं धरून हिशेब आधीच मांडा.

वर्गात तुमचं काम निपुण भारतच्या मापाने मोजलं जाईल. केंद्र सरकारचं हे पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाचं अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. वाचनाची उद्दिष्टं अशी: पहिलीच्या शेवटी मुलाने वयाला साजेशा अनोळखी मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचावीत, दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द, तेही समजून. वेगाला महत्त्व का? मूल शब्दाशब्दाला थांबलं तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. मग समजणार काय?

मोजणी अशी करा. पाठ्यपुस्तकाबाहेरचा साधारण ७० शब्दांचा उतारा घ्या. मुलाला एकटं बसवा आणि घड्याळ लावा. एका मिनिटात ५२ शब्द वाचले आणि ६ चुकले तर नोंद ४६. चूक झाली की दुरुस्त करत बसू नका, आपल्या कागदावर खूण करा. एखाद्या शब्दाशी मूल पाच-सात सेकंद अडलं तर पुढे जायला सांगा. नंतर तीन प्रश्न विचारा: एक उताऱ्यात सरळ दिलेल्या गोष्टीवर, एक ‘का’वर आणि एक मुलाच्या मतावर. उतारा पुस्तकातला घेतलात तर आकडा फुगतो, कारण मुलांना धडे पाठ असतात. पान उलटं धरून ‘वाचणारी’ मुलं प्रत्येक शाळेत भेटतात.

जे मूल उताऱ्यावर अडतं त्याच्यासाठी खाली या: शब्द, मग अक्षरं. पाचांपैकी चार बरोबर आले तर ती पायरी जमली असं धरा, मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या देशव्यापी ‘असर’ सर्वेक्षणातही हाच हिशेब असतो. मग वर्ग तीन गटांत बसवा. एक गट तुमच्यासमोर, एक जोडीने गोष्टीचं पुस्तक वाचणारा, एक लिहिणारा. वीस-वीस मिनिटांनी गट फिरवा. वाचनकोपऱ्यातली पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवायची नसतात. फाटली तर फाटू द्या.

सेवेतलं प्रशिक्षण दीक्षा ॲपवर होतं. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी ‘निष्ठा ३.०’ या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमात बारा घटक आहेत. नव्या धोरणात वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण अपेक्षित आहे. घटक ‘पुढे-पुढे’ दाबून संपवता येतात, प्रमाणपत्रही मिळतं. त्यातले वर्गाचे व्हिडिओ मात्र थांबवून पाहा आणि आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत त्यावर बोला.

आधीच सेवेत आहात आणि टीईटी नाही?

१ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी लागू झाली. त्या दिवशी निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त उरली असतील तर निकालापासून दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं आहे. पाच वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर टीईटीविना निवृत्तीपर्यंत राहता येतं, पण पदोन्नती मिळत नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. पहिली ते पाचवीला शिकवत असाल तर पेपर १ चा अर्ज पुढच्याच परीक्षेला भरा. राज्याची टीईटी वर्षातून एकदा झाली तर धरा, नाही झाली तर सीटीईटीला बसा. दोन वर्षांत तुमच्या हातात तीन-चार संधींपेक्षा जास्त येणार नाहीत.